दिवसा उडणारा पिंगळा

प्रकाशा गावी तापी आणि गोमाई या नद्यांचा संगम आहे. काठावर केदारेश्वराचे देऊळ आहे. या गावी रात्रीच्या वर्गात एकदा एका मावशींनी मोबाईलवर पाहिलेली गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "मुंगसासारखी जनावरं होती. मागच्या दोन पायांवर माणसासारखी उभी राहत होती. जवळच एक परदेशी मुलगी वही घेऊन बसली होती. जनावरं तिला भीतच नव्हती. ती काय लिहीत होती? आणि नुसतं बसून लिहायचे पैसे तिला कोण देतं?"

वर्गात हशा झाला. पण आम्हाला तो प्रश्न आवडला. रानातल्या जनावरांविषयी पुष्कळ पुस्तके आहेत. त्यांच्याकडे पाहत बसणाऱ्या माणसांविषयी मात्र कोणी फारसे सांगत नाही.

ते जनावर म्हणजे मीरकॅट. ते मुंगसाच्याच कुळातले. दक्षिण आफ्रिकेत कालाहारी नावाचा रेताड मुलूख आहे, तिथे ते टोळी करून बिळात राहते. टोळीतले बाकीचे माती उकरून किडे, विंचू शोधतात, तेव्हा एकजण उंचावर उभा राहून पहारा करतो. शिकारी पक्षी दिसला की तो ओरडतो आणि सारे बिळात पळतात. केंब्रिज विद्यापीठाचे टिम क्लटन-ब्रॉक यांनी १९९३ सालापासून तिथे यांचा अभ्यास चालवला. ती मुलगी लिहीत होती ते हेच. कोण किती वाजता बिळाबाहेर आला, कोणी काय खाल्ले, कोणाचे वजन किती भरले. वजन कसे करतात? तराजूवर उकडलेल्या अंड्याचा चुरा ठेवतात. मीरकॅट आपण होऊनच वर चढते! अशा कामाला विद्यापीठे आणि संस्था पैसे देतात.

एवढे ऐकून एक आबा म्हणाले, "आपल्याकडे येतंय कोण असं बघायला?"

आले होते, आबा. आणि फार लांब नाही, तुमच्या शहादा तालुक्यातच आले होते. ती गोष्ट आता सांगतो. ती मुंगसाची नाही, एका पिंगळ्याची आहे.

पिंगळा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. घुबडाच्या जातीचा, पण लहान. वडाच्या ढोलीत राहतो. दिवेलागणीला बाहेर पडतो आणि कचाकचा भांडल्यासारखा ओरडतो. याचाच एक भाऊबंद आहे, रानपिंगळा. तो गावात येत नाही. सागाच्या रानात राहतो. आणि गंमत अशी, की तो दिवसाढवळ्या शिकार करतो. घुबड म्हटले की रात्र, असे आपण धरून चालतो. याचे उलटे आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी उघड्या फांदीवर उन्हात बसतो, शेपूट झटकतो आणि खालच्या सरड्यावर झडप घालतो.

१८७२ साली, आज जिथे छत्तीसगड राज्य आहे त्या भागात, ब्लूइट नावाच्या इंग्रज अंमलदाराला हा पक्षी मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन छापून त्याला ब्लूइटचे नाव दिले. (हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले तेच. त्यांना पक्ष्यांचे वेड होते.) पुढे जेम्स डेव्हिडसन नावाच्या अंमलदाराने आपल्या खानदेशातून काही रानपिंगळे गोळा केले. शहादा, तळोदा या बाजूला त्यांची फिरती असे. त्या काळी पक्षी गोळा करायचा म्हणजे बंदुकीने मारायचा, आतले मांस काढून टाकायचे, कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि मारणाऱ्याचे नाव. असे भरलेले पक्षी विलायतेच्या संग्रहालयात जात.

१८८४ नंतर रानपिंगळा कोणाच्या नोंदीत आला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सातच भरलेले पक्षी. जिवंत एकही नाही. सलीम अलींसारख्या मोठ्या पक्षीतज्ज्ञांच्या काळातही शोध झाले, पण तो सापडला नाही. हा पक्षी संपला असावा, असे पुष्कळांना वाटू लागले.

इथे आम्हाला एक सांगावेसे वाटते. नोंदीत आला नाही, म्हणजे कोणी पाहिलाच नाही असे नव्हे. सातपुड्यात राहणारे भिल्ल, पावरा लोक त्याच रानात गुरे चारत होते, मोहाची फुले वेचत होते. त्यांना हा पक्षी दिसतच असणार. पण वहीत लिहिणारा तिथे कोणी नव्हता, आणि लिहिणाऱ्यांनी त्यांना विचारले नाही.

मग शोधणाऱ्यांना तो का सापडला नाही? याचे एक कारण मोठे चमत्कारिक आहे. ते कारण म्हणजे एक खोटी चिठ्ठी.

चिठ्ठीची किंमत प्रकाश्याच्या लोकांना सांगायला नको. १९५५ साली याच गावी पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले. तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीची खापरे निघाली. असे खणणारे लोक खापर कुठल्या जागी, कुठल्या थरात मिळाले ते लगेच लिहून ठेवतात. ती नोंद हरवली की खापर मुके होते. आणि नोंद खोटी असली तर? मग ते मुके नाही, खोटारडे होते.

तसेच झाले. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. पक्ष्यांचा संग्रह करणारा म्हणून त्याचे नाव मोठे होते. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिले होते, १९१४ साल, गुजरातेतले मांडवी. ते वाचून लोक चुकीच्या जागी शोधत राहिले. चिठ्ठी इंग्रजीत, सही मोठ्या माणसाची. मग शंका कोण घेणार?

शंका घेतली पामेला रासमुसेन या अमेरिकेतल्या बाईंनी. त्या पक्ष्यांचा अभ्यास करतात. त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी तो भरलेला पक्षी बारकाईने तपासला. कापूस कसा भरला आहे, शिवण कशी घातली आहे, हे पाहिले. आपल्याकडे गोधडीचे टाके पाहून बायका सांगतात ना, की ही अमकीच्या हातची? तसेच. तेव्हा कळले, की पक्षी डेव्हिडसनच्या हातचा आहे. तो लंडनच्या संग्रहालयातून चोरला, उकलून पुन्हा भरला आणि वर नवी चिठ्ठी लावली! ही सगळी हकीकत त्यांनी १९९९ साली छापली.

खोटी नोंद बाजूला ठेवली, म्हणजे खऱ्या चिठ्ठ्या उरल्या. त्यांवर लिहिलेल्या गावांनाच जायचे, असे रासमुसेनबाईंनी ठरवले. बरोबर बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे दोघे होते. १९९७ च्या नोव्हेंबरात ते भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या. तिकडे पंधरा दिवस गेले, हाती काही लागले नाही. मग ते खानदेशात आले. डेव्हिडसनच्या वेळी सपाटीवरही रान होते. आता तिथे ऊस, केळी, कापूस. म्हणून ते शहाद्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी गेले. २५ नोव्हेंबर १९९७, सकाळची वेळ. किंग यांची नजर एका झाडावर गेली. उघड्या फांदीवर एक जाडजूड पिंगळा उन्हात बसला होता. डोक्यावर ठिपके नाहीतच म्हणा ना. चोच मोठी, पंजे मोठे, पंखांवर ठळक पट्टे.

११३ वर्षांनी रानपिंगळा सापडला तो असा. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता. शहादा धुळे जिल्ह्यात होते. जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला.

पक्षी सापडला, पण तो काय खातो, घरटे कुठे करतो, याची माहिती नव्हती. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी ते काम घेतले. इश्तियाकबाई तोरणमाळच्या रानात राहिल्या. आता मावशींच्या प्रश्नाचे खरे उत्तर येते. असे लोक दिवसभर करतात तरी काय?

पहाटे उठून झाडाखाली जायचे. पक्षी कुठल्या झाडावर आहे, कितव्या फांदीवर, ते लिहायचे. किती वाजता झडप घातली, काय धरले, ते लिहायचे. ढोलीत मादी बसलेली असते आणि नर तिला खाऊ आणून देतो. त्याच्या खेपा मोजायच्या. दुपारी पक्षी स्वस्थ बसला की आपणही स्वस्थ बसायचे. घुबडाच्या जातीचा पक्षी भक्ष्य गिळतो आणि न पचलेले केस, हाडे यांची गोळी करून तोंडावाटे टाकतो. त्या गोळ्या झाडाखालून वेचायच्या, उकलायच्या आणि हाडे पाहून ओळखायचे, हा उंदीर, ही सापसुरळी. किळस करून चालत नाही. एकदा तर रानपिंगळ्याने आपलेच पिल्लू खाल्ल्याचे त्यांना आढळले. तेही त्यांनी लिहिले. गोड वाटेल तेवढेच टिपायचे, असे या कामात नसते.

हे सारे टिपले म्हणून आज काही गोष्टी पक्क्या माहीत आहेत. रानपिंगळा सरडे, सापसुरळ्या, उंदीर आणि किडे खातो. म्हणजे शेतकऱ्याचे त्यात वाईट काहीच नाही. घरटे करतो ते जुन्या झाडाच्या ढोलीत. कोवळ्या झाडाला ढोली नसते. म्हणून रानातले म्हातारे झाड सरपणाला किंवा शेत वाढवायला तोडले, की त्याचे घरच जाते. घुबड अपशकुनी म्हणून मुले त्याला गलोलीने मारतात. जादूटोण्यासाठीही घुबडे मारली जातात. पिंगळा ओरडला म्हणून कोणाचे काही वाईट झाले, असे आम्ही तरी पाहिले नाही. त्याला मारणे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याला शिक्षा आहे.

पुढे गिरीश जठार आदी अभ्यासकांनी हे काम चालू ठेवले. मेळघाटात, मध्य प्रदेशातल्या खंडव्याकडे रानपिंगळे मिळाले. २०१४ साली तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात तो दिसला. जगात कोणता प्राणी किती धोक्यात आहे याची एक यादी असते. त्यात २०१८ साली रानपिंगळ्याला 'अति संकटात' मधून 'संकटात' या रांगेत घेतले. एक पायरी बरे. तरी जगातले सगळे मोठे रानपिंगळे मिळून हजाराच्या आत असावेत, असा अंदाज आहे. आणि भारताबाहेर तो कुठेच नाही.

हे सांगून झाल्यावर आबा गप्प बसले होते. मग म्हणाले, "लहानपणी गुरांमागे तिकडे जायचो. दिवसा बसलेला पिंगळा पाहिलाय मी. पण डोक्यावर ठिपके होते का नव्हते, ते कोण बघतो!"

त्यानंतरच्या आठवड्यात मावशींनी वहीत चार ओळी लिहून आणल्या. अक्षर अजून वाकडे आहे, पण वाचता येते. 'सोमवार. दिवेलागण. देवळाजवळचा वड. दोन पिंगळे. डोक्यावर ठिपके पुष्कळ.' म्हणजे तो आपला नेहमीचाच पिंगळा. रानपिंगळा नव्हे.