संसदांचा संवाद आणि दिग्रसचा कापूस

आपल्या मालाचा भाव कोठे ठरतो, असे दिग्रसच्या बाजारात कापूस आणणाऱ्या शेतकऱ्यास विचारले, तर तो व्यापाऱ्याकडे अथवा सरकारकडे बोट दाखवील. त्याचे उत्तर चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने संमत केलेल्या शेतीविषयक कायद्यांनी तेथील कापूस उत्पादकांना भरघोस अनुदाने दिली. त्यामुळे जागतिक बाजारातील भाव दडपले गेले, ही ब्राझीलची तक्रार जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने 2005 मध्ये उचलून धरली. कायदा एका देशाची संसद करते आणि त्याचे फळ दुसऱ्या देशाचा मतदार भोगतो! अशा वेळी संसदांनी परस्परांशी बोलावे की नाही, हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न उरत नाही.

हा विचार नवा नाही. 1889 मध्ये पॅरिस येथे विल्यम रँडल क्रेमर हे कामगार चळवळीतून आलेले ब्रिटिश खासदार आणि फ्रेदेरिक पासी हे फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ यांच्या पुढाकाराने आंतर-संसदीय संघाचा पाया घातला गेला. राष्ट्राराष्ट्रांतील तंटे तोफांऐवजी लवादाने मिटावेत, हा त्यामागील हेतू होता. आज 180 हून अधिक देशांच्या संसदा या संघाच्या सदस्य असून त्याचे मुख्यालय जिनीव्हा येथे आहे. भारताचे स्थानही त्यात गौण नाही. गुरदयालसिंग धिल्लाँ हे 1973 ते 1976 या काळात संघाच्या परिषदेचे अध्यक्ष होते. 1999 मध्ये त्या पदावर निवडून आलेल्या पहिल्या महिला नजमा हेपतुल्ला या तर राज्यसभेत महाराष्ट्राचेच प्रतिनिधित्व करीत होत्या.

तथापि या गौरवाने भारून जाण्याचे कारण नाही. संघाचे ठराव कोणावरही बंधनकारक नसतात. 2003 पासून संघ आणि युरोपीय संसद मिळून जागतिक व्यापारावर खासदारांच्या परिषदा भरवीत आले. परंतु ज्या काँग्रेसच्या अनुदानांचा कापसाला फटका बसला, ती गेल्या शतकाच्या अखेरीसच संघातून बाहेर पडली होती. ज्याच्याशी बोलावयाचे तोच बैठकीत नसेल, तर नुसत्या सदिच्छांनी भाव वाढत नाही.

पण खरी उणीव घरातच आहे. आपल्या राज्यघटनेनुसार आंतरराष्ट्रीय करार करणे हे सरकारचे काम. त्यासाठी संसदेची पूर्वसंमती लागत नाही. एप्रिल 1994 मध्ये मराकेश येथे भारताने व्यापार करारावर स्वाक्षरी केली. त्या करारानुसार पेटंट कायद्यात 1999, 2002 आणि 2005 मध्ये दुरुस्त्या करताना संसदेपुढे फारसे पर्याय उरले नव्हते. पाने वाढून झाल्यावर स्वयंपाकाविषयी मत विचारावे, तसाच हा प्रकार होय.

आंतर-संसदीय सहकार्याचा खरा उपयोग येथे आहे. ब्रिटनने 2010 च्या कायद्याने करारांचे मसुदे सर्वसाधारणपणे अधिवेशनाचे 21 दिवस संसदेपुढे ठेवल्याशिवाय त्यांस मान्यता देता येणार नाही, असा दंडक घातला. ज्या संसदेपासून आपण कामकाजाचे अनेक संकेत घेतले, तिच्याकडून ही रीत घेण्यास संकोच कशाला? लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना 1993 मध्ये खातेनिहाय स्थायी समित्या अस्तित्वात आल्या. त्याच वर्षी आंतर-संसदीय संघाची परिषदही दिल्लीत भरली होती. महत्त्वाच्या व्यापार कराराचा मसुदा स्वाक्षरीपूर्वी या समित्यांपुढे जावा, त्यांनी शेतकरी संघटनांचे म्हणणे ऐकावे आणि परदेशी परिषदांहून परतणाऱ्या शिष्टमंडळांच्या अहवालांवर सभागृहात चर्चा व्हावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

जिनीव्हाच्या सभागृहात भारतीय खासदार बोलतो तेव्हा त्याच्या शब्दाला वजन येते ते त्याच्यामागील संसदेच्या अधिकाराने. तो अधिकार घरीच दुबळा असेल, तर परदेशातील भाषण कितीही प्रभावी झाले तरी दिग्रसच्या कापूस उत्पादकाच्या पदरी त्यातून काय पडणार?