बेरीज जुळली, म्हणजे व्यवहार बरोबर?

दलाल स्ट्रीटवरच्या रिंगणात दलाल घसा ताणून ओरडत, हातांच्या खुणा करीत आणि सौदा झाला की हातातल्या वहीत टिपून घेत. १९९४च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय शेअरबाजाराने शेअरचे व्यवहार पडद्यावर सुरू केले, १९९५मध्ये मुंबई शेअरबाजारही संगणकावर गेला आणि तो गलका थांबला. पण बोलणे काही थांबले नाही. आता यंत्र यंत्राशी बोलते. काय बोलते, हे बँकेत उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला पाहावेसे वाटले.

अशा बोलण्याची जगभर रुळलेली एक भाषा म्हणजे 'फिक्स'. अमेरिकेतल्या फिडेलिटी आणि सालोमन ब्रदर्स या संस्थांमधले फोनवरचे व्यवहार संगणकावरून व्हावेत, म्हणून १९९२मध्ये ती बेतली गेली. ही भाषा म्हणजे आपले व्हाउचरच. फक्त रकान्यांना नावांऐवजी क्रमांक. ५५ म्हणजे कोणता शेअर. ५४ म्हणजे घ्यायचा की विकायचा. १ असेल तर खरेदी, २ असेल तर विक्री. ३८ म्हणजे किती नग, ४४ म्हणजे कोणत्या भावाने. ३५मध्ये संदेशाचा प्रकार : 'डी' म्हणजे नवी ऑर्डर, '८' म्हणजे तिचे पुढे काय झाले याचा जबाब. पाठवणारा ४९मध्ये, घेणारा ५६मध्ये. ३४मध्ये अनुक्रमांक; ४१ नंतर एकदम ४३ आला, की पलीकडचे यंत्र ४२ पुन्हा मागून घेते.

खरी गंमत ९ आणि १० या रकान्यांत आहे. ९मध्ये संदेशाची लांबी असते. १० हा अगदी शेवटचा. संगणकात प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरलेला असतो. त्या सगळ्यांची बेरीज करायची, २५६ने भागायचे आणि उरलेली बाकी इथे लिहायची. पलीकडचे यंत्र तीच बेरीज पुन्हा करते. जुळली नाही, तर संदेश वाटेत बिघडला असे समजून तो बाजूला टाकते. पूर्वी तारेने पैसे पाठवताना आम्ही पडताळणीचा आकडा घालत असू, त्याचाच हा धाकटा भाऊ. फरक इतकाच, की आमचा आकडा गुप्त होता, हा उघड आहे.

आता तोक्योला चलू. ८ डिसेंबर २००५ रोजी मिझुहो सिक्युरिटीजला जे-कॉम या कंपनीचा १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. ऑर्डर गेली ती ६,१०,००० शेअर १ येनला विकण्याची! कंपनीचे एकूण शेअरच होते १४,५००. पडद्यावर इशारा आला, तो ओलांडला गेला. ऑर्डर रद्द करू गेले, तर बाजाराच्या संगणकातल्या दोषामुळे ती रद्द होईना. नुकसान सुमारे ४० अब्ज येन.

तोक्योतली ऑर्डर फिक्समधून गेली असे मी म्हणत नाही. पण तीच फिक्समध्ये मांडून पाहा. हवी होती ती अशी : ३८=१, ४४=६१००००. गेली ती अशी : ३८=६१००००, ४४=१. बाकीचे रकाने तेच धरले, तर दोन्हींत अक्षरे तीच, फक्त जागा बदललेल्या. म्हणून लांबी तीच आणि बेरीजही तीच. ९ आणि १० हे दोन्ही पहारेकरी दोन्ही संदेशांना सारखाच सलाम ठोकतील. त्यांचे काम संदेश धड पोचला की नाही एवढेच पाहण्याचे. पाठवणाऱ्याच्या मनात काय होते, हे त्यांना कोणी विचारलेलेच नाही.

आमच्या खातेवहीत ५४चे ४५ झाले, तर ताळा बसत नसे आणि फरकाला ९ने भाग गेला, की आकडे उलटे पडले असावेत असा संशय घ्यायचा, हे पहिल्या वर्षीच शिकवीत. चेकवर तर रक्कम दोनदा लिहितात. अक्षरांत आणि अंकांत फरक पडला, तर १८८१च्या कायद्याने अक्षरांतली रक्कम खरी. फिक्सच्या ऑर्डरीत अक्षरांतली रक्कम नाही. म्हणून शहाणपणाची तपासणी संदेशाबाहेर, दारातच करावी लागते. आपल्याकडे सेबीनेही डिसेंबर २०१२मध्ये ऑर्डर बाजारात शिरण्याआधीच्या तपासणीचे नियम कडक केले.

तरीही तोक्योत इशारा आलाच होता, हे विसरून चालणार नाही. आज नग आणि भाव हे दोन रकाने घरोघरी मोबाइलवर आले आहेत. बोट टेकवण्यापूर्वी चेकवर लिहितो तसे ते एकदा शब्दांत म्हणून पाहावेत. 'सहा लाख दहा हजार शेअर, भाव एक येन' असे कोणी मोठ्याने म्हटले असते, तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली असती.