चढावर तापणारी गाडी

खंबाटकीचा घाट चढताना एक दहाचाकी ट्रक दर खेपेला तापत होता. सपाटीवर काटा मध्यावर राही, चढ लागला की लाल रेषेकडे सरके. एका मिस्त्रीने थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकला. पुढच्या खेपेला गाडी आणखी लवकर तापली. दुसऱ्याने पाण्याचा पंप बदलला. फरक पडला नाही. शेवटी मालकाने निष्कर्ष काढला, की ड्रायव्हर चुकीच्या गिअरमध्ये गाडी ओढतो, आणि पंपाचे पैसे त्याच्या पगारातून कापायला सुरुवात केली.

गॅरेजांत बसून अशा गाड्यांच्या नोंदी ठेवण्याचा मला जुना नाद आहे. कॉलेजात मी यंत्रशास्त्र शिकलेलो नाही. जे कळले ते मिस्त्री, ड्रायव्हर आणि पुस्तके यांच्याकडून. त्या वहीतून एक गोष्ट मात्र पक्की झाली आहे. गाडी ‘किती’ तापते यापेक्षा ‘केव्हा’ तापते, या प्रश्नात निदान दडलेले असते.

आधी उष्णतेचा हिशेब पाहू. रुडॉल्फ डिझेलने 1893 साली आपल्या इंजिनाची कल्पना मांडली, तेव्हा या इंजिनाला थंड करायला पाणी लागणारच नाही अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात पाणी लागले. 1897 मध्ये आउग्सबुर्गला तपासलेल्या त्याच्या इंजिनाने इंधनातील 26.2 टक्के उष्णतेचे काम करून दाखवले, आणि त्या काळात हा मोठा पराक्रम होता. आजचे ट्रकचे इंजिन चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग धुरावाटे निघून जातो आणि बराचसा पाण्याला पेलावा लागतो. पाण्याने ही उष्णता रेडिएटरपर्यंत न्यायची आणि तिथे ती हवेच्या हवाली करायची. म्हणजे बिघाड शोधण्याच्या जागा मुख्यतः तीन: पाणी, पाण्याचा प्रवाह आणि हवा. इंजिनच जास्त उष्णता निर्माण करत असेल, जसे की ब्रेक चिकटले आहेत किंवा क्षमतेबाहेर माल भरला आहे, तर ते चौथे कारण.

पण गाडी खरोखरच तापते आहे का, याची खात्री सर्वांत आधी करावी. काट्याची अर्थिंग बिघडली तर थंड इंजिनही तापलेले दिसते. याच्या उलट प्रकार अधिक घातक. पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली, की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत लटकतो आणि इंजिन भाजत असताना काटा निवांत असतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना पाणी पाहावे. गरम असताना झाकण कधीही उघडू नये. झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. दाब सुटला की त्याची क्षणात वाफ होते. अशा वाफेने भाजलेले हात मी पाहिले आहेत.

पाणी पुरेसे असेल तर ड्रायव्हरला विचारावे: केव्हा तापते?

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर जळालेला वायू पाण्यात शिरतो आहे. हेड गास्केट गेलेले असते किंवा हेडला तडा असतो.

भरल्या गाडीने सपाटीवर वेगात जातानाही काटा चढत असेल, तर संशय पाण्याच्या प्रवाहावर: पंप, अर्धवट उघडणारा वॉल्व्ह, किंवा क्षाराने तुंबलेल्या रेडिएटरच्या नळ्या. कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरण्याची सवय इथे नडते. एक मिलिमीटर जाडीचा क्षाराचा थर इंचभर ओतीव लोखंडाइतकी किंवा त्याहूनही जास्त उष्णता अडवतो.

आणि सपाटीवर ठीक, पण संथ चढावर तापत असेल, तर आधी हवेकडे पाहावे. सपाटीवर गाडीचा वेगच रेडिएटरला वारा घालतो. घाटात वेग पंधरा-वीसवर येतो, इंजिन मात्र पूर्ण ताकदीने चालते. तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर असते.

आमच्या ड्रायव्हरने नेमके हेच सांगितले होते. अगदी पहिल्या दिवसापासून.

आम्ही प्रथम थर्मोस्टॅट परत बसवला. तो काढला की पाणी मोकळे वाहते, हा समज सर्वत्र आहे. पण बऱ्याच ट्रकच्या इंजिनांत हा वॉल्व्ह दुहेरी काम करतो. रेडिएटरची वाट उघडताना तो बायपासची वाट बंद करतो. वॉल्व्हच नसेल तर बायपास सताड उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न भेटताच इंजिनात परततो. म्हणूनच उपाय केल्यावर गाडी जास्त तापली होती.

मग चढ संपताच गाडी बाजूला घेऊन, इंजिन चालू ठेवून, तापमापक बंदुकीने वरच्या आणि खालच्या रबरी पाइपाचे तापमान घेतले. चकाकत्या धातूवर ही बंदूक फसते, रबरावर सहसा नाही. दोन्ही पाइप कडक तापलेले, फरक जेमतेम चार अंश. पाणी कमी वाहत असते तर ते रेडिएटरमध्ये जास्त वेळ रेंगाळून बरेच थंड झाले असते आणि फरक मोठा दिसला असता. इथे पाणी भरपूर वाहत होते. त्याची उष्णता घ्यायला हवाच येत नव्हती.

इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवला. गरम असताना तो जड लागायला हवा, तसा लागला. म्हणजे पंख्याचा क्लच ठीक. समोरून पाहता जाळीही स्वच्छ. पण समोर दिसतो तो इंटरकूलर. रेडिएटर त्याच्या मागे. दोहोंच्या फटीत बॅटरीचा झोत टाकला आणि उत्तर मिळाले. हंगामात ही गाडी उसाच्या फडात जात होती. पाचटाचा भुसा आणि तेलकट धूळ यांचा नमद्यासारखा थर रेडिएटरवर बसला होता. इंटरकूलर सैल करून, इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या दाबाने पाणी मारले. जोराच्या फवाऱ्याने पत्र्याच्या बारीक पाकळ्या वाकतात. काम दोन तासांचे. सुटा भाग एकही लागला नाही.

पुढच्या खेपेला काटा मध्याच्या थोडा वर जाऊन थांबला.

काटा चढताना दिसला तर एक गिअर खाली घ्यावा. इंजिनाचे फेरे वाढून पंखा आणि पंप जोरात फिरतात. तरी काटा न थांबल्यास गाडी बाजूला घ्यावी, पाणी असेल तर इंजिन काही मिनिटे बिनभाराने चालू द्यावे, आणि तापल्या इंजिनात थंड पाणी मुळीच ओतू नये, हेड तडकते.

मालकाने कापलेले पैसे परत केले. त्यासाठी मी त्याला वही दाखवली: पंप बदलण्याआधीची तारीख आणि तिच्यापुढे ड्रायव्हरचे वाक्य, “सपाटीला काही नाही, घाटातच तापते.” निदान त्या वाक्यात होते. ते कुणी लिहून घेतले नव्हते, एवढेच.