पॅच मिळत नाही, मग काय?

गर्भनिरोधक पॅचची चिठ्ठी घेऊन अंबरनाथ पूर्वेतली औषधांची दुकाने पालथी घातली, तरी तो सहसा हाती लागत नाही. अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळालेला हा पॅच आपल्या सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात नाही.

आठवड्याला एक असे तीन पॅच लावतात, चौथा आठवडा मोकळा. त्यानंतर नवा वेळेवर लागला नाही, तर संरक्षण संपते. खरा धोका या शोधाशोधीच्या दिवसांत असतो.

पॅचमध्ये मिश्र गोळीसारखीच दोन संप्रेरके असतात. म्हणून नवा पॅच लावायच्या दिवशीच गोळी सुरू करता येते. 'माला-एन' सरकारी केंद्रात मोफत मिळते. मात्र दुकानदाराने परस्पर दिलेली गोळी घेऊ नये. रक्तदाब, मायग्रेन, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, पस्तिशीनंतरचे धूम्रपान हे आधी तपासावे लागते.

रोजची गोळी विसरते म्हणूनच तर अनेकजणी पॅच निवडतात. त्यांना तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन किंवा तांबी सोयीची. 'छाया' गोळी (अंबरनाथच्या छाया रुग्णालयाशी फक्त नाव जुळते) पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा घेतात. ती पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू होते. तोवर निरोध वापरावा.