विज्ञानकथा : सुरुवात कुठून?

मराठी विज्ञानकथेत मुलांसाठी पहिले दार भा. रा. भागवतांचे. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी ‘चंद्रावर स्वारी’सारख्या रूपांतरांतून घरगुती मराठीत आणल्या. त्यानंतर जयंत नारळीकर. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली (स्वतःचीच आद्याक्षरे उलटी!) आणि पहिले बक्षीस पटकावले. त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला पेलतो. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या मागाहून. नारायण धारपांच्या भयकथा मात्र थोडे थांबूनच द्याव्यात. ही पुस्तके महाराष्ट्राबाहेरही वाचता येतात: ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीसारख्या वस्तीत हिंदीतून शिकणाऱ्या मराठी मुलाला लिपी ओळखीचीच असते. अडलेला शब्द आजीला विचारावा.