पेटुनियाचे बी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिवाळ्यात गॅलरीचे कठडे रंगांनी भरून टाकणारा पेटुनिया बियांपासून घरी होत नाही, अशी समजूत पक्की रुजली आहे. ती चुकीची आहे. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या, टोमॅटो-वांग्याच्या कुळातल्या या झाडाचे बी फार बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० दाणे बसतात. झेंडूसारखे पेरले तर ते वाया जाते, एवढेच.

गैरसमज : बी मातीने झाकावे.
वस्तुस्थिती : या बियांना उगवायला उजेड लागतो आणि मातीचा थर भेदून वर येण्याइतका अन्नसाठा त्यांच्यात नसतो. कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत ओले करून ट्रेमध्ये सपाट करा. बी कोरड्या बारीक रेतीत मिसळून वर भुरभुरा, हलकेच दाबा. ट्रेवर पारदर्शक प्लॅस्टिक घाला आणि तो थेट उन्हापासून दूर, पण उजेडात ठेवा. २१ ते २४ अंश सेल्सियस तापमानात साधारण ७ ते १० दिवसांत उगवण दिसते.

गैरसमज : रोज झारीने पाणी द्यावे.
वस्तुस्थिती : झारीच्या धारेने बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते. सतत चिंब राहिलेल्या ट्रेत पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी वाढतात आणि कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल येऊ द्या. वरचा भाग ओलसर दिसला की बाहेर काढा. उगवण होताच प्लॅस्टिक हटवा, म्हणजे वारा खेळेल.

गैरसमज : थंडी पडली की पेरावे.
वस्तुस्थिती : पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत १० ते १२ आठवडे जातात. डिसेंबरात फुले हवी असतील तर सप्टेंबरमध्येच, पावसापासून आडोशाला पेरणी करायला हवी.

गैरसमज : पाने पिवळी पडली की युरिया द्यावा.
वस्तुस्थिती : कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर बहुधा लोह कमी पडते आहे. पेटुनियाला ५.५ ते ६.२ सामू मानवतो. आपल्याकडची काळी माती बहुधा विम्लधर्मी असते आणि तिच्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही. अशा वेळी चिलेटेड लोह द्यावे आणि कुंडीत काळी माती वापरणे टाळावे.

गैरसमज : आवडत्या झाडाचे बी धरले की तसेच फूल येते.
वस्तुस्थिती : बाजारातले बहुतेक वाण एफ-१ संकरित असतात. त्यांच्या पुढच्या पिढीत रंग, आकार आणि वाढीची ठेवण बदलते. हुबेहूब तेच फूल हवे असेल, तर नवे पाकीट आणा किंवा छाटकलम करा.

यंदा नर्सरीत जाण्याआधी एक पाकीट पेरून पाहा. उजेड, खालून ओल आणि वेळेवर पेरणी एवढे सांभाळलेत, तर एका पाकिटातून कठडाभर रोपे घरीच तयार होतील.