ट्रेनिंग 'पूर्ण' दिसतंय, पण वागणं बदललं का?

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयासाठी मी प्रशिक्षणाचा डॅशबोर्ड बनवून दिला होता. काम सोपं वाटलं. कर्मचाऱ्यांची यादी, कोर्सची यादी आणि प्रत्येक नावासमोर 'पूर्ण' किंवा 'अपूर्ण'. डेमोच्या दिवशी पडदाभर हिरवा रंग होता. मीटिंग संपल्यावर एक सिस्टर जवळ येऊन म्हणाल्या, "सर, तो कोर्स मी नाइट ड्युटीत केला. चार्ट भरता भरता 'पुढे, पुढे' दाबत गेले. तुमच्याकडे हिरवंच दिसत असेल ना?"

हिरवंच दिसत होतं. आणि कोर्स होता, हिंसा सोसून आलेल्या रुग्णाशी कसं वागायचं याचा.

हे प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय?

याला 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड प्रॅक्टिस' म्हणतात. म्हणजे समोरच्या माणसाने काहीतरी भयंकर सोसलेलं असू शकतं, हे लक्षात ठेवून काम करणं. अमेरिकेतल्या 'साम्सा' या सरकारी संस्थेने 2014 मध्ये त्याची चार सूत्रं मांडली: आघाताचा परिणाम किती खोल असतो हे जाणणं, त्याच्या खुणा ओळखणं, त्यानुसार आपली वागण्याची आणि कामाची पद्धत बदलणं आणि आपल्यामुळे तीच जखम पुन्हा उघडी पडू न देणं.

ऐकायला जड वाटतं, पण रोजच्या कामात ते साधं असतं. तपासणीआधी 'आता मी हात लावतेय, चालेल ना?' असं विचारणं. तोच प्रसंग केसपेपरच्या खिडकीवर, कॅज्युअल्टीत आणि वॉर्डात असा तीनदा सांगायला न लावणं. पडदा ओढून घेणं.

कॉम्प्युटरला काय कळतं?

बहुतेक ऑनलाइन कोर्स 'स्कॉर्म' नावाच्या जुन्या पद्धतीने बांधलेले असतात. कोर्स ब्राउझरमध्ये चालतो आणि शिकवणीच्या सॉफ्टवेअरला मोजक्या गोष्टी कळवतो: स्थिती, गुण आणि लागलेला वेळ. 'पूर्ण' कधी म्हणायचं, हे कोर्स बनवणारा ठरवतो. त्याने 'शेवटची स्लाइड उघडली की पूर्ण' असं ठरवलं असेल, तर पुढे-पुढे दाबणारी व्यक्ती आणि मन लावून वाचणारी व्यक्ती सिस्टमला सारखीच दिसते. बऱ्याच कोर्समध्ये नुसती खिडकी उघडी राहिली तरी वेळ मोजला जातो.

2013 मध्ये 'एक्सएपीआय'ची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक नोंद वाक्यासारखी असते: कोणी, काय केलं, कशावर. त्यामुळे 'अमुक सिस्टरने सराव-प्रसंगात भाग घेतला' अशी ऑफलाइन गोष्टही नोंदवता येते. नोंद जास्त बोलकी होते हे खरं, पण वॉर्डातलं वागणं बदललं की नाही, हे तिलाही आपोआप कळत नाही.

टक्केवारी कशाच्या भागिले?

इथे स्कॉटलंडचं उदाहरण उपयोगी पडतं. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या शिक्षण विभागाने 2017 मध्ये आराखडा काढून प्रशिक्षणाचे चार स्तर ठरवले. पहिला सगळ्यांसाठी. दुसरा, ज्यांचा आघात सोसलेल्यांशी वारंवार थेट संबंध येऊ शकतो त्यांच्यासाठी. तिसरा, अशा लोकांना आधार देणं हेच ज्यांचं नेमून दिलेलं काम आहे त्यांच्यासाठी. चौथा, खास उपचार करणाऱ्या तज्ज्ञांसाठी. हा आराखडा फक्त डॉक्टर-नर्सपुरता नाही. सार्वजनिक सेवेतल्या इतर कर्मचाऱ्यांनाही तो लागू आहे.

याचा डॅशबोर्डशी काय संबंध? समजा, 400 कर्मचाऱ्यांपैकी 380 जणांनी पहिला स्तर पूर्ण केला. आकडा 95 टक्के. पण कॅज्युअल्टीतल्या 20 जणांना दुसरा स्तर हवा होता आणि तो फक्त 6 जणांनी केला, म्हणजे 30 टक्के. रुग्ण पहिल्यांदा पोचतो तो याच 20 जणांकडे. म्हणून नावासमोर 'पूर्ण' लिहिण्याआधी 'या कामाला कोणता स्तर लागतो' हा रकाना हवा.

माझ्या डॅशबोर्डमध्ये आणखी एक चूक होती. यादी मी पगाराच्या तक्त्यातून घेतली. त्यामुळे कंत्राटी वॉचमन, आया, वॉर्डबॉय तिच्यात आलेच नाहीत. घाबरलेल्या बाईला दारात पहिला प्रश्न विचारतो तो वॉचमनच. तो माझ्या गणितात नव्हता.

मग वागणं कसं मोजायचं?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, परिणाम दिसला का. आपले डॅशबोर्ड बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात. दृष्टिकोन मोजायला 'आर्टिक' नावाची प्रश्नावली आहे; ती प्रशिक्षणाआधी आणि काही महिन्यांनी भरून घेतली तर फरक दिसतो. पण दृष्टिकोन म्हणजे वागणं नव्हे.

वागण्याच्या खुणा रोजच्या कागदांत सापडतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लैंगिक हिंसेतून आलेल्या व्यक्तीची तपासणीसाठी आणि नमुने घेण्यासाठी माहितीपूर्ण संमती घ्यायची असते. नकार असेल तर तोही नोंदवायचा असतो. तथाकथित 'टू-फिंगर टेस्ट' करायची नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. तरी 31 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्या. सूचना पोचणं आणि हात थांबणं यांत आठ वर्षांनीही अंतर होतं.

म्हणून दर तीन महिन्यांनी नावं झाकून काही केसपेपर तपासावेत. संमती प्रत्येक टप्प्यावर लिहिली आहे का? पुढच्या मदतीसाठी कुठे पाठवलं? मुंबईत महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. जिथे असं केंद्र आहे तिथे वॉर्डांतून किती जणी पाठवल्या जातात, हा आकडा हजेरीपेक्षा जास्त सांगतो. मात्र आकडा वाढला म्हणून हिंसा वाढली असं समजू नका. ओळखणारे डोळे वाढले असतील.

एक धोका

शिकणाऱ्यांनीही काही सोसलेलं असू शकतं. एखादी सिस्टर व्हिडिओ मध्येच बंद करते. सिस्टम 'अपूर्ण' म्हणते आणि रोज आठवण पाठवत राहते, प्रत वरिष्ठांना. ज्या प्रशिक्षणाने 'जबरदस्ती नको' शिकवायचं, तेच जबरदस्ती करतं. म्हणून कारण न विचारता थांबण्याची आणि दुसऱ्या मार्गाने शिकण्याची सोय हवी. 'तुमचा अनुभव लिहा' अशा चौकटीतला मजकूर साठवूच नये.

आज तो डॅशबोर्ड पुन्हा बनवायचा झाला तर मी यादी गेटपासून सुरू करेन, प्रत्येक कामासमोर लागणारा स्तर लिहीन आणि 'पूर्ण'ला हिरवा रंग देणार नाही. तो राखाडी ठेवेन. हिरवा रंग केसपेपर तपासल्यावर.